‘कारण’ नावाचा रकाना

शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या मृत्यूचा एक कागदी प्रवास सुरू होतो. तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांनी घेतलेले जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, सात-बारा व आठ-अ चे उतारे, बँकेचा अथवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला असा एकेक कागद जोडला जातो. मग ते प्रकरण तहसिलीतून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे येते आणि तेथे त्यावर दोहोंपैकी एक शेरा पडतो : पात्र किंवा अपात्र. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा यांमुळे मृत्यू झाला असे ठरले तर पात्र. व्यसन, आजार किंवा घरगुती भांडण असे ठरले तर अपात्र. २००५-०६ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने अशा कुटुंबासाठी एक लाख रुपयांची मदत ठरविली, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. तेव्हापासून परभणी जिल्ह्यात आणि मराठवाडा-विदर्भातील इतर जिल्ह्यांत ‘त्याने असे का केले?’ हा प्रश्न केवळ तत्त्वचिंतकांचा राहिलेला नाही. त्याच्या उत्तरावर मागे राहिलेल्या घराचे एखादे वर्ष अवलंबून असते.

समितीतील अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सार्वजनिक पैसा द्यावयाचा तर नियम हवा, नियम म्हटला की रकाना आला, आणि रकान्यात एकच कारण मावते. अडचण निराळीच आहे. तो रकाना भरताना जी विचारपद्धती वापरली जाते, तीच चावडीवर, एस. टी. स्थानकावर, शाळेच्या शिक्षकदालनात आणि कचेरीतील चहाच्या वेळी वापरली जाते, आणि तिच्यात एक जुना दोष आहे. माणसाच्या कृतीचे कारण प्रथम माणसातच शोधावयाचे, हा तो दोष.

‘पीत होता’, ‘मुलीच्या लग्नात उधळपट्टी केली’, ‘शेतीत लक्षच नव्हते’ ही तीन वाक्ये जिंतूरपासून पालमपर्यंत कोठेही ऐकू येतील. यांपैकी दुसरे वाक्य तर दीडशे वर्षांचे आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे उसळले, ते नगर जिल्ह्यातही पसरले, आणि इंग्रज सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्या वेळीही रयत लग्नकार्यांतील खर्चाने बुडते असे सर्रास बोलले जात होते. आयोगाने आकडे तपासले आणि लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष काढला. असा खर्च कुणब्याच्या ऐपतीबाहेरचा असला तरी तो क्वचित होतो आणि कर्जाचा गाभा तो सहसा नसतो, असे आयोगाचे म्हणणे होते. आयोगाला सरकारने नेमले होते, म्हणजे त्याला शेतकऱ्यांचा कैवारी म्हणण्याचे कारण नाही. पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनीही हा आक्षेप खोडून काढला आणि सारा, सावकारी, कचेरीतील नाडवणूक व अविद्या यांकडे बोट दाखविले. परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. तेथे आयोग आला नाही आणि कायदाही झाला नाही. वाक्य मात्र येऊन पोचले आणि अजून टिकून आहे.

ते टिकते, कारण ते सोयीचे आहे. माणूस डोळ्यांसमोर असतो. त्याची परिस्थिती डोळ्यांसमोर नसते. फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार प्रथम पद्धतशीरपणे मांडला. सामान्य माणूससुद्धा दिवसभर कारणमीमांसा करीत असतो आणि ती करताना कृतीचा धागा कर्त्याच्या स्वभावाकडे नेऊन बांधतो, असे त्याने दाखविले. १९७७ मध्ये ली रॉस व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग शिक्षकवर्गाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून, केवळ योगायोगाने, एकाला प्रश्नकर्ता व दुसऱ्याला उत्तरदाता नेमले. प्रश्नकर्त्याने आपल्याला ठाऊक असलेल्या आडवळणाच्या विषयांवर अवघड प्रश्न तयार करावयाचे आणि दुसऱ्याने उत्तरे द्यावयाची. साहजिकच उत्तरदाता पुष्कळदा अडखळला. नेमणूक योगायोगाने झाली हे सर्वांना माहीत असूनही पाहणाऱ्यांनी प्रश्नकर्त्याला अधिक ज्ञानी ठरविले, आणि उत्तरदात्यांनी स्वतःही तसेच मानले. प्रश्न विचारण्याची खुर्ची ज्याला मिळते तो शहाणा दिसतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरीत बसून सरकारी प्रश्नांची उत्तरे देणारी बाई गोंधळलेली, विसंगत बोलणारी वाटते, त्याचेही एक कारण हेच असावे.

हा पाश्चात्त्यांचा दोष, भारतीय मन असे नाही, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. जोन मिलर या संशोधिकेने शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांची तुलना करून १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाच्या वर्तनाचे कारण सांगताना अमेरिकन प्रौढ ‘तो तसाच आहे’ अशा धर्तीचे उत्तर अधिक देत. म्हैसूरचे प्रौढ मात्र प्रसंग, नाते, वेळ आणि अडचण यांचा उल्लेख अधिक करीत. विशेष म्हणजे आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. वयाबरोबर तो वाढत गेला. म्हणजे कारण सांगण्याची रीत माणूस आपल्या समाजाकडून शिकतो.

मराठीला ही रीत परकी नाही. ‘त्याच्यावर वेळच तशी आली’, ‘परिस्थितीने गांजला’ असे म्हणण्याची भाषेची सवय आहे. सटवाईने पाचवीच्या रात्री कपाळी लिहिले, असे म्हणणारी आजीही आपल्या परीने दोष माणसावरून काढूनच घेत असते. खेड्यातला माणूस सारे दैवावर टाकतो, ही सुशिक्षितांची समजूत फारशी खरी नाही. पेरणी का साधली नाही असे विचारले तर तो पावसाचा खंड, बियाण्याची उगवण, ट्रॅक्टरचे भाडे आणि सोसायटीने लांबविलेले पीककर्ज हे सगळे क्रमवार सांगतो. नशीब हा शब्द सगळे सांगून झाल्यावर, बोलणे संपविण्यासाठी येतो.

तेव्हा प्रश्न असा की परिस्थिती ओळखणारी ही भाषा नेमकी कोठे आटते? ती आपल्या माणसांसाठी राखून ठेवली जाते, असे दिसते. स्वतःचा मुलगा दहावीला गणितात घसरला तर पेपर अवघड होता, ऐन परीक्षेत ताप आला होता. शिपायाचा मुलगा घसरला तर अभ्यासाची आवडच नव्हती. अंतर वाढते तसा परिस्थितीचा उल्लेख कमी होतो आणि स्वभावाचा वाढतो. जात निराळी असली तर हे अंतर एकदम कैक कोसांचे होते. पारधी समाजाचे उदाहरण पुरेसे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचे कारण ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पहिला संशय कोणाच्या पालावर जातो, हे सांगावयास नको.

याच जिल्ह्यातील शाळांकडे पाहावे. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि फड संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतणे होत नाही. शालेय वर्षाचा बराचसा उत्तरार्ध त्यात जातो. मागे आजी-आजोबा नसतील तर मूल कोपीवर जाते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते आणि वर्षअखेरीस ‘पालकांची शिक्षणाविषयी अनास्था’ हे कारण नोंदले जाते. उचल फेडण्यासाठी गेलेल्या बापाला आस्था असती तर त्याने नेमके काय करावयाचे होते, याचे उत्तर त्या शेऱ्यात नाही. हंगामी वसतिगृहांची योजना निघाली, तिच्यामुळे काही मुले गावी राहू शकली, तेव्हा तेच पालक तीच मुले मागे ठेवू लागले. अनास्था एका वर्षात कशी नाहीशी झाली?

ऊस आणि पैसा यांविषयीचा आणखी एक अभ्यास येथे उपयोगी पडेल. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धिमापनाच्या पद्धतीची चाचणी दोनदा घेतली. पहिली तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि दुसरी उसाचे पैसे हाती आल्यावर. २०१३ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. तीच माणसे पैसे आल्यावर चाचणीत स्पष्टपणे सरस ठरली. शेतकरी मूर्खपणाने चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, अशी एक समजूत आहे. या अभ्यासाने तिची दिशाच उलटी केली : टंचाईच मन व्यापून टाकते आणि निर्णय बिघडविते. बँकेचे कर्ज नवे-जुने करणे, कृषी सेवा केंद्राची उधारी, पाहुण्याकडून हातउसने आणि त्यातच सावकाराचा निरोप असे चारी बाजूंचे हिशेब डोक्यात चालू असलेला माणूस ‘कोणाशी धड बोलत नव्हता, चिडचिड करी’ अशा शब्दांत पोलिस जबाबात उतरतो. कारणाच्या रकान्यात मग ‘घरगुती भांडण’ जाऊन बसते.

आता मुख्य मुद्दा. व्यसन खोटे नसते. भांडण खोटे नसते. आजार तर नसतोच नसतो. चौकशी करणारा तलाठी प्रामाणिकपणे शोध घेतो आणि त्याला मृताच्या घरी यांपैकी काही ना काही आढळते. शेजारच्या घरी, जेथे तेवढेच कर्ज आहे पण माणूस जिवंत आहे, तेथे ते आढळत नाही. निष्कर्ष उघड दिसतो : कर्ज दोघांनाही होते, फरक दारूचा होता, म्हणून कारण दारू. हा तर्क बिनतोड वाटतो आणि नेमका येथेच तो फसवितो.

जेफ्री रोझ या ब्रिटिश रोगपरिस्थितितज्ज्ञाने १९८५ च्या एका निबंधात हा फसवेपणा उलगडून दाखविला. समजा, देशातील प्रत्येक माणूस दररोज वीस सिगारेटी ओढतो. तेथे फुप्फुसाचा कर्करोग कोणाला होतो हे तपासले तर सिगारेटीचा पुरावा मुळीच सापडणार नाही, कारण त्या सर्वांच्याच ओठांत आहेत. तो रोग आनुवंशिक आहे असेच ठरेल. जे कारण सर्वत्र सारखे पसरलेले असते ते एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करून दिसत नाही. लंडनमधील सरकारी कारकुनांपैकी अमक्याचाच रक्तदाब का वाढला, हा एक प्रश्न; आणि लंडनच्या कारकुनांचा रक्तदाब केनियातील भटक्या पशुपालकांपेक्षा सर्रास अधिक का, हा अगदी निराळा प्रश्न. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो. एमिल दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात हेच दुसऱ्या वाटेने सांगितले होते : प्रत्येक मृत्यूची कहाणी वेगळी, परंतु समाजाचे प्रमाण मात्र वर्षानुवर्षे ठराविक राहते, आणि त्या प्रमाणाला त्याची स्वतःची कारणे असतात.

परभणीला ही कसोटी लावावी. दारू कोकणात आहे, पुण्या-मुंबईत आहे. सासू-सुनेचे भांडण कोल्हापुरातही होते. मराठवाड्यात २०१५ या एकाच वर्षी हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला, त्याचा उलगडा यांतून होत नाही. २०१२ चा दुष्काळ, २०१४ च्या आरंभीची गारपीट आणि मग २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन कोरडी वर्षे यांनी तो अधिक होतो. पैठणहून निघणारा जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणीच्या शिवारात पोचेपर्यंत त्याचे वरचे लाभधारक तृप्त झालेले असतात. टेलच्या शेतकऱ्याचे पीक वाळते आणि मुखाजवळचा शेतकरी ‘कष्टाळू’ ठरतो. कापूस व सोयाबीन या दोन पिकांवर आणि त्यांच्या भावावर कोरडवाहू घर उभे असते. २०१७ च्या खरिपातील सोयाबीनच्या विम्यासाठी परभणीच्या शेतकऱ्यांना २०१८ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आंदोलनास बसावे लागले. ही कारणे सर्व गावांवर सारखी पसरलेली आहेत. म्हणूनच ती एकाच्या फाइलीत दिसत नाहीत.

प्रदेशाच्या बाबतीत हा धडा महाराष्ट्र एकदा शिकला आहे. मराठवाड्याचा माणूसच सुस्त, निजामी अमलाने आळसावलेला, असे एके काळी पुढारलेल्या भागांत खुशाल बोलले जाई. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या तिच्या अहवालाने सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, वीजपंप यांची मोजदाद करून राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला, आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा होता. स्वभावाच्या जागी ‘अनुशेष’ हा शब्द आला. तो पुरता भरून निघाला नाही, हे खरे. परंतु निदान वाद आळसाचा न राहता पाटाच्या पाण्याचा झाला. माणसाच्या बाबतीत असा शब्द अजून सापडलेला नाही.

अभ्यासकांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. उच्च न्यायालयापुढील याचिकेच्या निमित्ताने टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला. पुढच्या वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्र यांनी वर्धा, वाशीम व यवतमाळ येथील १११ प्रकरणे तपासली. त्यांच्या तक्त्यातील टक्केवाऱ्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते. एखाद्या काटेकोर कारकुनाला ती चूक वाटेल. पण तोच त्या तक्त्याचा खरा शोध आहे. कर्ज बहुतेक घरांत होते आणि ते एकटे क्वचितच होते. त्याच्या सोबतीला नापिकी, घसरलेली पत, बिनसलेले नाते, बहिणीचे वा मुलीचे लग्न, आजार, व्यसन यांतले काही ना काही होते. शासकीय आकडेवारीला मात्र एकच कारण हवे असते, आणि ते किती लेखणीवर अवलंबून असते हेही दिसले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१४ मध्ये देशातील शेतकरी आत्महत्यांपैकी २०.६ टक्के कर्ज वा दिवाळखोरीने झाल्या. २०१५ मध्ये हाच आकडा ३८.७ टक्के झाला. एका वर्षात शेतकऱ्यांचे मन एवढे बदलले असेल, की रकाना भरण्याची पद्धत?

याचा अर्थ माणूस म्हणजे परिस्थितीच्या हातचे बाहुले, असा मात्र करू नये. ‘सरकारच खुनी’ ही घोषणा सभेत ठीक. परंतु ती ऐकणाऱ्या कर्जदाराला ती सूचित करते की पुढचा क्रम ठरलेलाच आहे. तो ठरलेला नसतो. तेवढेच कर्ज असलेले बहुसंख्य लोक जगतात; कोणाला भाऊ सावरतो, कोणी वेळेवर औषधोपचार घेतो. २०१५ पासून शासनाने मराठवाड्यातील आठ व विदर्भातील सहा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ हा समुपदेशनाचा प्रकल्प चालविला. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. खिन्नतेवर उपचार होतो, आणि तो घेणे ही कर्जाविषयीची तक्रार मागे घेणे नव्हे. कायद्यानेही आपली समजूत बदलली. आत्महत्येचा प्रयत्न पूर्वी सरसकट गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८ मध्ये अमलात आला, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावयास सांगतो. जिवंत राहिलेल्याचा ताण कायदा गृहीत धरतो. मेलेल्याचा ताण मात्र दाखल्यांनी सिद्ध करावा लागतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जिल्ह्यातील वृद्ध अजून सांगतात. त्यांत भूक आहे, खडी फोडण्याची कामे आहेत, मिलो आहे, सुकडी आहे, लाज नाही. सगळे गाव एकाच बंधाऱ्यावर पाटी उचलत होते आणि आभाळ कोणी अडविले होते हे सर्वांना दिसत होते. कर्ज असे नसते. त्याच्या नोटिशीवर एकाच माणसाचे नाव असते. दुष्काळ गावावर येतो, थकबाकी घरावर येते. आणि थकबाकीदाराची यादी वाचली जाते तेव्हा तो स्वतःकडेही गावाच्याच नजरेने पाहू लागतो. आपणच कमी पडलो, हे कारण त्याने स्वतःच्या रकान्यात आधीच लिहिलेले असते. पुढे चौकशीला येणारे त्याचीच नक्कल करतात.

आणि या कारणांचा शेवटचा वाटा तिच्याकडे जातो. ‘पांढऱ्या पायाची’ हे वाक्य कोणत्याही अहवालात नाही, पण ते ओसरीवर बोलले जाते. नवऱ्याच्या मरणाचे कारण सून ठरली की जमीन तिच्या नावावर करण्याचे कारण उरत नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा व विदर्भातील अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, पीककर्ज नाही म्हणून सावकार. त्याच शेतात तोच फेरा नव्याने सुरू होतो.

अपात्र ठरलेली प्रकरणे निकाली निघतात आणि गठ्ठ्यांत बांधली जातात. त्यांतील एखाद्या महसूल मंडळाची दहा वर्षांची प्रकरणे एकदा एकत्र सोडून, त्या मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, बाजार समितीतील भावाचे रजिस्टर, कालव्याचे पाणी शेवटच्या वितरिकेत पोचल्याची तारीख आणि पीककर्ज वाटपाची तारीख त्यांच्याशेजारी मांडता येईल. त्यासाठी नवा आयोग लागत नाही. ही सर्व दप्तरे सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांतच असतात, बरीचशी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर.